रविवारी कोणाचाच फोटो नाही

आहारवाल्या बाईंच्या अहवालात लिहिलं होतं की मुलगी स्वतःच्या हातानं खाते, सगळीकडे सांडते, पण खाते. नर्सबाईंच्या अहवालात लिहिलं होतं की मुलीला उंच खुर्चीत बसवून चमच्यानं भरवतात आणि ती तोंड फिरवते. पाहणीवाल्यांनी लिहिलं होतं की मुलीला कोणी काही खायला देतच नाही, आईबाप तिच्याकडे नुसते बघत बसतात. तिन्ही अहवाल एकाच घराबद्दलचे, एकाच सोळा महिन्यांच्या मुलीबद्दलचे आणि एकाच आठवड्यातले होते. मोठ्या ताईंनी ते दोनदा वाचले, तिसऱ्यांदा वाचायला घेतले आणि अर्ध्यावरच फाइल टेबलावर अशी आपटली की शेजारच्या कारकुनानं आपला चहाचा कप उचलून धरला.

फाइलीच्या शेवटच्या पानावर समितीच्या अध्यक्षबाईंनी स्वतःच्या अक्षरात एकच ओळ लिहिली होती. पालकांच्या वागण्यात सातत्य नाही. खाली मंगळवारची तारीख होती. मंगळवारी बैठक होणार होती आणि तिथे ठरणार होतं की ठमी आपल्या आईबापांजवळ राहणार की दुसऱ्या कुठल्या तरी घरी वाढायला जाणार.

मोठ्या ताईंची नोकरी घरभेटीची. ज्या आईबापांना मूल वाढवायला आधार लागतो त्यांच्या घरी जायचं, शिकवायचं, पुन्हा शिकवायचं, आणि परत आल्यावर लिहायचं. ठमीच्या घरी त्यांच्याआधी एक छोट्या ताई येऊन गेल्या होत्या. त्या तीन आठवड्यांत पळाल्या, म्हणून या आपोआप मोठ्या झाल्या. यांना सव्वा वर्ष झालं होतं. पळून जाण्याचा विचार त्यांच्याही मनात साधारण दर गुरुवारी येई, पण त्या पळणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या चिडणाऱ्यांतल्या होत्या.

ठमीच्या आईला सगळे बारकी म्हणत, अगदी तिची सासूसुद्धा. बाप एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालायचा, त्याचं नावच घडीवाला पडलं होतं. कागदोपत्री दोघांनाही सौम्य बौद्धिक अक्षमता. साध्या भाषेत सांगायचं तर वाचता येत नव्हतं, घड्याळ अर्धंच कळायचं, आणि एका दमात दोन गोष्टी सांगितल्या की दोन्ही सांडायच्या. मात्र एकच गोष्ट सांगितली आणि ती डोक्यात एकदा बसली, की मग ती पहारीनंसुद्धा निघायची नाही. बाळाच्या अंघोळीचं पाणी कोपर बुडवून बघायचं असं ताईंनी शिकवलं. बारकीनं ते इतकं मनावर घेतलं की दुसऱ्या दिवशी ती दुधाच्या पातेल्यात कोपर बुडवायला निघाली. ताईंनी तिचा हात वरच्या वर धरला आणि डोळे मिटून पाच आकडे मोजले. या घरात त्यांचे आकडे पाचावर कधीच थांबत नसत.

मग व्हायचं काय, तर शेवटी ताई म्हणायच्या, सरक बाई, मीच करते. आणि करायच्या. ठमीचे केस विंचरणं, नखं काढणं, नाक पुसणं, सगळं त्यांच्या हाताला भराभर यायचं. पोरगीही गुलाम कशी, ताई दारात दिसल्या की दोन्ही हात वर करून पुढे यायची. हे ताईंना फार आवडायचं. अहवालात हे त्यांनी कधी लिहिलं नव्हतं.

मंगळवारच्या आधी दोघांची चांगली तयारी करून घ्यायची म्हणून ताई रविवारी, सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या घरातलं काम टाकून तिसरा मजला चढून गेल्या. दार बारकीनं उघडलं. ताईंना बघून तिचा चेहरा उतरला. आपण आपली सुट्टी मोडून यायचं आणि हिनं तोंड वाकडं करायचं, हे बघून ताईंचं टाळकं तिथेच सरकलं.

"आज रविवार आहे ना?" बारकीनं विचारलं.

ताई म्हणाल्या, आहे, मग? तेवढ्यात आतून घडीवाला आला. त्यानं ताईंकडे बघितलं, मग भिंतीकडे बघितलं, भिंतीवरच्या तक्त्यावर बोट ठेवून डावीकडून उजवीकडे नेलं आणि म्हणाला, "ताई, आज तुमचा फोटो नाही."

तक्ता ताईंनीच केला होता. सुरुवातीला दारावरची घंटा वाजली की हे दोघं हादरून जात. एकदा पाहणीवाले आले तर घडीवाला ठमीला घेऊन न्हाणीघरात कडी लावून बसला, आणि ते प्रकरण निस्तरता निस्तरता ताईंच्या नाकी नऊ आले. तेव्हा त्यांनी जाड पुठ्ठ्यावर सात खण आखले आणि ज्या दिवशी जो येणार त्याचा फोटो त्या खणात लावला. सोमवारी नर्सबाई. मंगळवारी आणि गुरुवारी ताई स्वतः. बुधवारी आहारवाल्या बाई. शुक्रवारी घडीवाल्याची आई. शनिवारी पाहणीवाले. रविवारचा खण रिकामा. कार्यालयात या तक्त्याचं कौतुक झालं होतं, दुसऱ्या विभागातून लोक बघायला आले होते.

ताईंनी दोघांना समोर बसवलं आणि सूचना सुरू केल्या. एका वेळी एकच. बैठकीत खुर्चीत बसायचं. बसलं की उठायचं नाही. विचारतील तेवढंच सांगायचं. बारकीनं मान डोलावली आणि म्हणून दाखवलं, खुर्चीत बसायचं, उठायचं नाही. ताईंनी ते चारदा म्हणून घेतलं. पाचव्यांदा म्हणता म्हणता ठमी रडायला लागली, कारण तिची जेवायची वेळ झाली होती आणि बैठकीशी तिला काही देणंघेणं नव्हतं.

बारकी उठली, वाटी घेतली, आणि मध्येच थांबून नवऱ्याला म्हणाली, "आज कोणासारखं करायचं?"

घडीवाल्यानं थोडा विचार केला. "ताई आल्यात ना. ताईंसारखं."

त्यानं कपाटातून निळी चटई काढली. ताईंनीच आणून दिलेली, जेवायची जागा कळावी म्हणून. मग चित्रांची पट्टी काढून भिंतीला टेकवली. पहिल्या चित्रात हात धुणं, दुसऱ्यात लाळेरं बांधणं, तिसऱ्यात वाटी. ताई बघत राहिल्या. कोणासारखं म्हणजे काय, असं त्यांनी अगदी सावकाश विचारलं, कारण उत्तर काय येणार याचा त्यांना वास यायला लागला होता.

घडीवाल्याला आनंद झाला. आपल्याला येतं ते कोणी विचारलं की त्याला असाच आनंद व्हायचा. तो तक्त्यापाशी गेला आणि एकेका फोटोवर बोट ठेवून सांगू लागला. सोमवारी नर्सबाईंचा फोटो, म्हणून सोमवारी उंच खुर्ची आणि चमचा. बुधवारी आहारवाल्या बाईंचा, म्हणून चमचा लपवून ठेवायचा आणि सगळं ठमीच्या हातात द्यायचं, सांडलं तरी रागवायचं नाही. शुक्रवारी आईचा, म्हणून मांडीवर घ्यायचं आणि खिडकीतून गाड्या दाखवायच्या. मंगळवारी, गुरुवारी ताईंची चटई.

"आणि शनिवारी?" ताईंनी विचारलं.

"पाहणीवाले साहेब काही सांगत नाहीत," घडीवाला म्हणाला. "ते नुसते बघतात. म्हणून शनिवारी आम्ही पण नुसतं बघतो. ते गेले की मग देतो."

ताईंनी कपाळावर हात मारून घेतला. खरोखरच मारला, आवाज आला. चार महिने. चार महिने पाच माणसं पाळीपाळीनं या घरात येत होती, पाच जणांची पाच तऱ्हेची सांगणी होती, आणि ज्यांना दोन गोष्टी एकदम कळत नाहीत असं सगळ्यांनी मिळून लिहून ठेवलं होतं त्या दोघांनी पाचही जणांची पाचही सांगणी बिनचूक पाठ करून वारांप्रमाणे लावून ठेवली होती. त्या तक्त्यावरून. ताईंच्या नावाजलेल्या तक्त्यावरून. आज कोण येणार एवढं कळावं म्हणून लावलेला फोटो यांनी आज कोणाचं ऐकायचं म्हणून वाचला होता. आणि पाचातल्या एकानंही, ताईंनीसुद्धा, बाकीचे काय सांगून गेले असं कधी विचारलं नव्हतं.

"आम्ही काही चुकवलं नाही," बारकी घाबरून म्हणाली. "एकदाच, बुधवारी चमचा बाहेर राहिला होता."

ताईंना ओरडावंसं वाटत होतं, पण कोणावर ते कळेना. त्यांनी चटई गुंडाळायला लावली. रविवारी कोण येतं, असं विचारलं. कोणी नाही. मग रविवारी कोणासारखं करता? या प्रश्नावर नवराबायकोनं एकमेकांकडे बघितलं. दोघंही ओशाळले, चोरी पकडल्यासारखे.

"रविवारी आम्ही आमचंच करतो," बारकी म्हणाली.

ते करून दाखव, असं म्हणून ताई दाराजवळच्या स्टुलावर बसल्या. बारकीनं स्वतःचं ताट वाढून घेतलं आणि ती जमिनीवर बसली. ठमी समोर. बारकीनं एक घास स्वतः खाल्ला. ठमीनं बघितलं आणि तोंड उघडलं. बारकीनं कुस्करलेला बटाटा तिच्या तोंडात घातला, मग पुन्हा स्वतः खाल्लं. मधूनच ठमीनं ताटातला गाजराचा तुकडा आपणच उचलला, तो तिला उचलू दिला. घडीवाला शेजारी बसून नुसता ठमीच्या मानेकडे बघत होता. ठमीनं मान फिरवली तसा तो म्हणाला, झालं, आणि बारकीनं हात थांबवला. थोड्या वेळानं मान परत वळली, पुन्हा सुरू. वीस मिनिटांत ठमीनं वाटीभर खाल्लं. रडारड नाही, गाड्या नाहीत, चित्रं नाहीत.

मध्ये एकदा ताईंचा हात पुढे गेला होता, ठमीची हनुवटी पुसायला. त्यांनी तो मागे घेतला. घेणं जड गेलं.

मंगळवारी त्या बैठकीच्या खोलीत शिरल्या त्या घडीवाल्याच्या भिंतीवरून काढून आणलेला तक्ता काखेत मारूनच. लांबट टेबल, पाण्याच्या बाटल्या, एका बाजूला अध्यक्षबाई, त्यांच्या शेजारी पाहणीवाले पेन उघडून तयार. नर्सबाई, आहारवाल्या बाई. समोर बारकी आणि घडीवाला, शिकवल्याप्रमाणे खुर्चीला चिकटलेले. त्याचा शर्ट इतका घडीबाज होता की दुकानातून आत्ताच काढल्यासारखा. ठमीला खाली जमिनीवर चार खेळणी देऊन सोडलं होतं. नोंदी लिहायचं काम नेहमीप्रमाणे ताईंकडेच होतं.

अध्यक्षबाईंनी सातत्य नसल्याचं वाक्य वाचून दाखवलं आणि ताई उभ्या राहिल्या. त्यांनी तक्ता टेबलावर आडवा ठेवला आणि सगळं सांगितलं. कोणाला झाकलं नाही, स्वतःलाही नाही. तक्ता माझा, तो लावताना काय समजावून सांगायला हवं होतं ते मी सांगितलं नाही, असं त्या स्पष्ट म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता. "यांच्या वागण्यात सातत्य नाही असं लिहिलंय. या खोलीत सातत्य असलेली ही दोनच माणसं आहेत. नाही ते आपल्यात."

नर्सबाई म्हणाल्या की तसं काही नाही, चमचा हा सुरक्षितच असतो, हे कोणीही सांगेल. आहारवाल्या बाई म्हणाल्या की माफ करा, पण चमच्याचा हा हट्टच मुळात चुकीचा आहे. नर्सबाई म्हणाल्या की घशात तुकडा अडकला म्हणजे तुम्ही येणार आहात का. आहारवाल्या बाईंनी पुस्तकांचे दाखले द्यायला सुरुवात केली. बघता बघता दोघींची अशी जुंपली की अध्यक्षबाईंना पाण्याच्या बाटलीनं टेबल ठोकावं लागलं. ताई तोपर्यंत खाली बसल्या होत्या आणि शांतपणे लिहून घेत होत्या. त्यांना आणखी काही सिद्ध करायची गरज उरली नव्हती.

तेवढ्यात टेबलाखाली धप्प असा आवाज आला. ठमी उभी राहायला गेली होती आणि टाळूवर टेबलाची कड बसली होती. क्षणभर काहीच नाही, मग तिनं भोकाड पसरलं. टेबलाखालून ती रांगत बाहेर आली, ओल्या डोळ्यांनी इकडेतिकडे बघितलं, आणि उठून सरळ ताईंकडे गेली. त्यांच्या गुडघ्यापाशी उभी राहून तिनं दोन्ही हात वर केले.

पाहणीवाल्यांचं पेन कागदावर टेकलं. लागलं की मूल कोणाकडे जातं, यासाठी त्यांच्या फॉर्मात एक वेगळा रकाना होता. तो रकाना ताईंना तोंडपाठ होता. अशा किती घरांसाठी त्यांनी स्वतः तो भरला होता.

ताईंनी दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसून राहिल्या. ठमीला हे कळेना. तिनं हात आणखी उंच केले, टाचा उचलल्या, रडण्याचा सूर वाढवला. ताईंना आयुष्यात इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं. समोर बारकी पांढरीफटक पडली होती. तिचे हात खुर्चीच्या दांड्यांवर आवळले होते, अंग पुढे झुकलं होतं, पण ती उठत नव्हती. ती ताईंकडे बघत होती. बसलं की उठायचं नाही. चारदा म्हणून घेतलं होतं, पाचव्यांदा अर्धवट राहिलं होतं.

"माझ्याकडे काय बघतेस?" ताई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज नको तितका कडक निघाला. "पोरगी तुझी आहे. उठ."

बारकी अशी उठली की खुर्ची मागे आडवी झाली. टेबलाला वळसा घालून आली, ठमीला उचललं. ठमीनं आधी अंग ताठ केलं, पाठ वाकवली, ताईंच्या दिशेनं हात फेकले. बारकीनं सोडलं नाही. टाळूवर ओठ टेकवून उभी राहिली. बराच वेळ लागला. मग ठमीचा ताठा हळूहळू उतरला, डोकं आईच्या मानेत गेलं, आणि आवाज बारीक होत हुंदक्यांवर आला. पाहणीवाल्यांनी काय लिहिलं ते दिसलं नाही, पण बरंच लिहिलं.

अध्यक्षबाईंनी निर्णय तिथल्या तिथे सांगितला. ठमी घरीच राहील. सहा महिन्यांनी पुन्हा बघू. तोवर या घरात पाच जणांची ये-जा बंद. आजी येईल ती आजी म्हणून येईल, आणि कार्यालयाकडून एकच माणूस जाईल. जेवणाच्या बाबतीत रविवारसारखं चालू द्यावं, त्यात कोणी हात घालू नये. हे शेवटचं वाक्य त्या नर्सबाई आणि आहारवाल्या बाई या दोघींकडे बघून म्हणाल्या.

ताई लिहीत होत्या आणि लिहिता लिहिता मनात दिवस लावत होत्या. आठवड्यातून दोन सकाळी पुरतील. मंगळवार आणि शुक्रवार बरा. तक्ता नवा करावा लागेल, नाहीतर नकोच.

"तुमच्याकडे यांच्यापैकी कोणी यावं असं तुम्हाला वाटतं?" अध्यक्षबाईंनी बारकीला विचारलं. हे कधी कोणी विचारत नसे. घडीवाल्यानं बायकोकडे बघितलं. बारकीनं ठमीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

"नर्सबाई," ती म्हणाली.

नर्सबाईंचा चेहरा फुलला. ताईंना वाटलं, बारकी गोंधळली. खोलीत इतकी माणसं, इतका आरडाओरडा, चुकलं असेल तोंडातून. त्यांनी पेन थांबवून तिला विचारलं की नीट ऐकलंस ना प्रश्न, घरी कोण यायला हवं असं विचारतायत.

"ऐकला," बारकी म्हणाली. ती घाबरली होती, पण बोलली. "तुम्ही सगळं छान करता ताई. मला तसं येत नाही. तुम्ही आलात की ठमी तुमच्याकडेच जाते. मग मी उगीच उभी असते. नर्सबाईंना ती घाबरते. त्या आल्या की ती माझ्याकडे पळत येते."

नर्सबाई टेबलाकडे बघू लागल्या. अध्यक्षबाईंनी ताईंकडे बघितलं, काही म्हणायचं आहे का अशा अर्थानं. ताईंना म्हणायचं होतं. सव्वा वर्ष, असं म्हणायचं होतं. दर आठवड्याला तीन मजले, असं म्हणायचं होतं. राग भयंकर आला होता, आणि त्या रागाच्या तळाशी त्यांना स्वच्छ दिसत होतं की पोरगी खरं बोलते आहे. त्यांनी नोंदीत लिहिलं, आईची पसंती नर्सबाई. कारणाच्या रकान्यात बारकीचं वाक्य तिच्याच शब्दांत उतरवलं, एकही शब्द न गाळता.

बैठक संपल्यावर ती तिघं लिफ्टपाशी उभी होती. ताई फाइली घेऊन बाहेर आल्या. घडीवाल्यानं टेबलावरून परत घेतलेला तक्ता काखेत धरूनच त्यांना नमस्कार केला, मग तक्त्यातला त्यांचा फोटो परत देऊ का, असं विचारलं. राहू दे, ताई म्हणाल्या. बारकीच्या खांद्यावरून ठमीला त्या दिसल्या आणि तिचा एक हात वर आला, बोटं उघडझाप करत. ताईंनी पर्स उघडली आणि तिच्यात काहीतरी शोधायला लागल्या. लिफ्टचं दार बंद होऊन ती खाली जाईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.